दोन आरोप टिकले, दोन निसटले: जोसेफ एस्ट्राडा प्रकरण

१२ सप्टेंबर २००७ रोजी फिलिपिन्सच्या सांदिगानबायन या भ्रष्टाचारविरोधी न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांना ‘प्लंडर’ म्हणजे सरकारी पदाच्या जोरावर केलेल्या लुटीच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं. शिक्षा जन्मठेपेची. आरोपपत्रात पैशाच्या चार वाटा दाखवल्या होत्या. त्यांतल्या दोन सिद्ध झाल्या, दोन झाल्या नाहीत. या प्रकरणावर बरंच लिहिलं गेलं, पण बहुतेकांचं लक्ष त्यांना पदावरून घालवणाऱ्या रस्त्यावरच्या गर्दीकडे गेलं. आम्हाला चार वाटांचा हा हिशेब जास्त मोलाचा वाटतो. कोणता आरोप कशामुळे टिकला आणि कोणता कुठे निसटला, हे पाहिलं की असा खटला उभा कसा राहतो ते समजतं.

सान हुआन ते मालाकान्यांग

एस्ट्राडांचं मूळ नाव होसे मार्सेलो एहेर्सितो. जन्म १९ एप्रिल १९३७, मनिलाच्या तोंडो भागात. घर खाऊनपिऊन सुखी होतं. मुलानं सिनेमात जाणं घरच्यांना पसंत नव्हतं, म्हणून त्यांनी आडनाव बदललं. शंभरावर चित्रपटांत त्यांनी गरिबांच्या बाजूनं लढणारा, मार खाऊन पुन्हा उठणारा नायक रंगवला. ‘एराप’ हे टोपणनावही त्याच काळातलं. ‘पारे’ म्हणजे दोस्त, तो शब्द उलटा वाचला की एराप.

पडद्यावरच्या लोकप्रियतेमुळे राजकारणात आयता शिरकाव झाला, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. १९६७ मध्ये सान हुआनच्या महापौरपदाची निवडणूक त्यांनी लढवली, निकालाला आव्हान दिलं आणि १९६९ मध्ये ते पद मिळवलं. पुढे १९८६ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षं, ते तिथे होते. हुकूमशहा मार्कोस यांची सत्ता गेल्यावर नव्या सरकारनं जुन्या महापौरांना घरी पाठवलं, त्यात तेही गेले. पण १९८७ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षा कोराझोन आकिनो यांची लाट असताना सिनेटच्या २४ जागांपैकी फक्त दोन विरोधकांकडे गेल्या, आणि त्यांतली एक एस्ट्राडांची होती. १६ सप्टेंबर १९९१ रोजी सिनेटनं अमेरिकी लष्करी तळांचा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. त्या बारांत ते होते.

फिलिपिन्समध्ये उपाध्यक्षाची निवड राष्ट्राध्यक्षापासून वेगळ्या मतानं होते. त्यामुळे १९९२ मध्ये त्यांच्या जोडीचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार हरला, तरी एस्ट्राडा उपाध्यक्ष झाले. निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष रामोस यांनी त्यांना गुन्हेगारीविरोधी आयोगाचं प्रमुखपद दिलं. अपहरणांच्या त्या काळात हे काम रोज बातम्यांत राहणारं होतं. पडद्यावरचा नायक आता खऱ्या पोलिसांसोबत दिसू लागला.

११ मे १९९८ च्या निवडणुकीत त्यांना ३९.८६ टक्के मतं मिळाली, म्हणजे सुमारे १ कोटी ७ लाख. दुसऱ्या क्रमांकावरच्या होसे दे व्हेनेसिया यांना १६ टक्क्यांच्या आत. तिथे मतदानाची दुसरी फेरी नसते, ज्याला सर्वांत जास्त मतं तोच निवडून येतो. ‘एराप पारा सा माहिराप’, एराप गरिबांसाठी, ही घोषणा वस्त्यावस्त्यांत पोचली होती. ३० जून १९९८ च्या भाषणात त्यांनी बजावलं की आपल्या राज्यात मित्र, नातलग किंवा मुलं कुणालाही सत्तेचा गैरफायदा घेता येणार नाही. हे वाक्य पुढे प्रत्येक आरोपाबरोबर त्यांच्यासमोर आणून ठेवलं गेलं.

हुएतेंगचा पैसा कसा फिरतो

हुएतेंग हा मटक्यासारखा आकड्यांचा बेकायदा जुगार. १ ते ३७ पैकी दोन आकड्यांची जोडी लावायची. ‘कुब्रादोर’ दारोदार जाऊन पैसे गोळा करतो आणि चिठ्ठीवर जोडी लिहून घेतो. अनेक कुब्रादोर मिळून एका ‘काबो’कडे हिशेब देतात आणि काबो ‘बँकेरो’कडे. सोडत निघते, जोडी लागली तर पैसे घरपोच येतात. पैज अगदी एक-दोन पेसोंचीही चालते. म्हणून हा गरिबांचा खेळ, आणि म्हणूनच त्यात रोकड अफाट.

हा जुगार लपून चालूच शकत नाही. रोज शेकडो माणसं चिठ्ठ्या घेऊन गल्लीबोळांत फिरतात, ती पोलिसांना दिसणारच. त्यामुळे पोलीस, महापौर, गव्हर्नर अशा पायरीपायरीनं हप्ता ठरलेला असतो. त्याला तिकडे ‘इंतेलिहेन्सिया’ म्हणतात. आरोप असा होता की एस्ट्राडांच्या काळात ही शिडी थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत चढली आणि प्रांतोप्रांतीच्या बँकेरोंकडून वसुली करून ती पोचवण्याचं काम इलोकोस सूरचे गव्हर्नर लुईस ‘चाविट’ सिंगसन करत होते. सिंगसन हे एस्ट्राडांचे जुने मित्र, रात्रीच्या बैठकींतले सोबती.

मित्र फुटला तो धंद्यावरून. सरकारी परवान्यानं ‘बिंगो टू बॉल’ हा नवा खेळ सुरू होत होता आणि सिंगसन यांच्याच प्रांतात तो दुसऱ्याच्या हाती चालला होता. कायदेशीर खेळ आला की हुएतेंगची गिऱ्हाइकं तिकडे वळणार, हे उघड होतं. ऑक्टोबर २००० च्या सुरुवातीला एका रात्री मनिलात पोलिसांनी सिंगसन यांची गाडी अडवली. हा आपल्याला मारण्याचा डाव होता, असं सांगून ते पत्रकारांसमोर आले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हुएतेंगचे ४० कोटी पेसो राष्ट्राध्यक्षांना पोचले होते. शिवाय इलोकोस सूरला तंबाखूच्या अबकारी करातून मिळालेल्या २० कोटींपैकी १३ कोटी वळवले गेले होते.

भागीदाराची साक्ष घ्यायची तर सावधपणेच. तो स्वतः त्या पैशात बुडालेला असतो आणि सूडानंही बोलत असतो. पण सिंगसन यांच्याकडे वसुलीची वही होती. ती नसती तर हे प्रकरण दोन माणसांच्या भांडणावरच थांबलं असतं.

एक फुटावरून पाहिलेली सही

तेरा नोव्हेंबर २००० ला प्रतिनिधीगृहाचं कामकाज सुरू झालं. सभापती मानी व्हिलार यांनी प्रार्थना म्हटली आणि ती संपताच न थांबता महाभियोगाची कलमं सिनेटकडे पाठवत असल्याचं वाचून टाकलं. ११५ सदस्यांच्या सह्या होत्या, लागणाऱ्या एक तृतीयांशापेक्षा कितीतरी जास्त. एस्ट्राडांच्या बाजूला हरकत घ्यायला फटच मिळाली नाही. सभापतीपद व्हिलार यांच्या हातून लगेच गेलं, पण कागद निघून गेला होता.

७ डिसेंबरपासून सिनेटमध्ये सुनावणी सुरू झाली. अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश हिलारियो दाविदे. रोजचं कामकाज दूरचित्रवाणीवर. भाजीवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे पुरावा, हरकत, उलटतपासणी हे शब्द बोलू लागले. सुरुवातीला १४ कोटी २० लाख पेसोंचा एक धनादेश पुढे आला. त्यावर ‘होसे व्हेलार्दे’ अशी सही होती, आणि ती एस्ट्राडांच्या वळणाची दिसते असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. पण वळण जुळणं हा कच्चा पुरावा. तज्ज्ञ दोन्ही बाजूंना मिळतात.

तो पक्का झाला नाताळच्या तोंडावर. इक्विटेबल-पीसीआय बँकेच्या एक वरिष्ठ उपाध्यक्षा साक्षीला आल्या. ४ फेब्रुवारी २००० ला त्या ५० कोटींच्या गुंतवणूक व्यवहाराचे कागद घेऊन मालाकान्यांग या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यात गेल्या होत्या. एस्ट्राडांनी त्यांच्यासमोर कागदांवर ‘होसे व्हेलार्दे’ अशी सही केली. आपण तेव्हा त्यांच्यापासून साधारण एक फुटावर होतो, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. त्या ना राजकारणी होत्या ना वाटेकरी. त्यांना फक्त बँकेचा व्यवहार पूर्ण करायचा होता. अशा साक्षीदाराची उलटतपासणी करणं वकिलाला सर्वांत अवघड जातं, कारण खोटं बोलण्याचं कारणच दाखवता येत नाही.

१६ जानेवारी २००१ ला व्हेलार्दे खात्याशी जोडलेलं एक बंद पाकीट उघडायचं का, यावर सिनेटमध्ये मतदान झालं. ‘उघडू नये’ या बाजूनं ११ आणि विरुद्ध १०. सिनेटचे अध्यक्ष आकिलिनो पिमेंतेल यांनी राजीनाम्याची घोषणा केली, सरकारी पक्षाचे वकील उठून गेले. त्याच रात्री मोबाइलवरच्या संदेशांनी माणसं मनिलाच्या एद्सा महामार्गावरच्या मेरीमातेच्या पुतळ्याजवळ जमू लागली. १९ तारखेला लष्करप्रमुख आन्हेलो रेयेस यांनी पाठिंबा काढला. २० जानेवारीला दुपारी बाराच्या सुमारास उपाध्यक्षा ग्लोरिया अरोयो यांनी तिथेच शपथ घेतली आणि अडीचच्या सुमारास एस्ट्राडांनी राजवाडा सोडला.

पुढे फेब्रुवारीत ते पाकीट खरोखर उघडलं. आत निघालं ते खातं एस्ट्राडांचं नसून हायमे दिचावेस या व्यावसायिकाचं असल्याचं सांगणारं पत्र! ज्या कागदासाठी देश रस्त्यावर आला, तो सिनेटमध्ये उघडला असता तर बचावपक्षाच्याच कामी आला असता. अकरा सिनेटरांनी त्यांना वाचवण्यासाठी केलेल्या मतदानानंच त्यांना बुडवलं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

राजीनामा दिला की नाही

एस्ट्राडांनी राजीनाम्यावर सही केलीच नव्हती. जाताना दिलेल्या निवेदनात अरोयो यांच्या शपथेच्या वैधतेबद्दल गंभीर शंका नोंदवली होती. शिवाय ‘सध्या काम पाहू शकत नाही’ अशा अर्थाचं, म्हणजे तात्पुरत्या असमर्थतेचं, एक पत्रही संसदेकडे गेलं होतं. खटला न संपता, मतदान न होता राष्ट्राध्यक्ष बदलला होता. घटनेच्या दृष्टीनं हा सांधा कच्चाच होता, हे मान्य करायला हवं.

२ मार्च २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं एस्ट्राडांविरुद्ध १३-० असा निकाल दिला. दाविदे आणि आणखी एक न्यायमूर्ती यांनी त्यात भाग घेतला नाही. शपथविधीला दोघेही हजर होते. न्यायालयाचं म्हणणं, राजीनामा कागदावरच असावा असं नाही. आधीच्या, त्या दिवशीच्या आणि नंतरच्या वागण्यावरून तो ठरवता येतो. यासाठी सर्वांत मोठा आधार घेतला तो कार्यकारी सचिव एद्गार्दो आंगारा यांच्या वृत्तपत्रात छापून आलेल्या दैनंदिनीचा. आपण फार थकलो आहोत, आता हे नको, असं एस्ट्राडा म्हणाल्याची नोंद तिच्यात होती. छापील दैनंदिनीवर इतका भार टाकणं योग्य होतं का, यावर कायद्याचे अभ्यासक आजही भांडतात. पण व्यवहारात परिणाम एकच झाला. पद गेलं म्हणून संरक्षण गेलं, आणि फौजदारी खटल्याचा रस्ता मोकळा झाला.

एप्रिलमध्ये आरोपपत्र दाखल झालं. २५ तारखेला त्यांना ग्रीनहिल्समधल्या घरातून अटक झाली. कैद्याचा फोटो काढतात तसा त्यांचा काढला गेला, आणि ते चित्र देशभर दिसलं. गरीब वस्त्यांतली माणसं त्याच एद्सावर जमली आणि १ मेच्या पहाटे राजवाड्यावर चालून गेली. जानेवारीतल्या गर्दीला ‘जनशक्ती’ म्हणणारी वर्तमानपत्रं या गर्दीला ‘जमाव’ म्हणाली. ही जखम त्या देशात अजून भरलेली नाही.

चार वाटा, एक एक करून

प्लंडरचा कायदा १९९१ चा, क्रमांक ७०८०. बेकायदा कमाईची किमान रक्कम आधी साडेसात कोटी पेसो होती, १९९३ मध्ये ती पाच कोटींवर आली. प्रत्येक व्यवहार वेगळा सिद्ध करण्याची गरज नाही, गैरकृत्यांची मालिका किंवा त्यांची जोडणी दिसली की पुरे. ‘मालिका’ आणि ‘जोडणी’ हे शब्द मोघम आहेत म्हणून एस्ट्राडांनी कायद्यालाच आव्हान दिलं. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान दोन कृत्यं असली म्हणजे झालं. २००२ पासून खास खंडपीठासमोर खटला चालला. एस्ट्राडा बहुतेक काळ आधी व्हेटरन्स मेमोरियल रुग्णालयात आणि नंतर तानायमधल्या स्वतःच्या विश्रामगृहात नजरकैदेत होते.

पहिली वाट हुएतेंगची. न्यायालयानं ५४ कोटी ५२ लाख ९१ हजार पेसो सिद्ध धरले. सिंगसन यांची तोंडी साक्ष होती, वही होती, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्यातले २० कोटी बँकेतून गेले होते. वसुलीच्या खात्यांतून निघालेली रक्कम एस्ट्राडांच्या नावाच्या मुस्लिम युवक प्रतिष्ठानाच्या खात्यात जमा झाली होती. प्रतिष्ठान गरीब मुलांच्या शिक्षणासाठी आहे, हा बचाव होता. पण रोख रक्कम हवेत विरते, धनादेश मात्र मागे नाव, तारीख, शाखा सोडून जातो. वहीतल्या नोंदी त्या धनादेशांशी जुळल्या, म्हणून उरलेल्या रोख नोंदींवरही विश्वास बसला.

दुसरी वाट तंबाखूची. व्हर्जिनिया तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांना अबकारी कराचा १५ टक्के वाटा कायद्यानं मिळतो. त्यातले १३ कोटी वळवले गेले, इथवर पुरावा होता. ते एस्ट्राडांच्या हातात पडले का? तिथे फक्त मधल्या माणसांपर्यंतचा माग लागला. पैसा कुणीतरी खाल्ला एवढ्यानं भागत नाही, शेवटचा हात दाखवावा लागतो. आरोप निसटला.

तिसरी वाट बेल कॉर्पोरेशन या कंपनीच्या शेअरांची, आणि आमच्या मते ही सर्वांत वाईट. सरकारी नोकरांच्या विमा निधीनं ३५ कोटी १८ लाख ७८ हजार शेअर घेतले, किंमत सुमारे ११० कोटी ३० लाख. सामाजिक सुरक्षा निधीनं ३२ कोटी ९८ लाख ५५ हजार शेअर सुमारे ७४ कोटी ४६ लाखांना घेतले. एकूण जवळपास १८५ कोटी, आणि तेही कामगारांच्या, शिक्षकांच्या पगारातून कापलेले पैसे. खरेदीसाठी राष्ट्राध्यक्षांनी स्वतः सांगितलं, असं दोन्ही निधींच्या प्रमुखांनी साक्षीत म्हटलं. सौद्यानंतर नोव्हेंबर १९९९ मध्ये १८ कोटी ९७ लाखांचं कमिशन धनादेशानं निघालं आणि दिचावेस यांच्या हातून व्हेलार्दे खात्यात गेलं. आदेश देणारा, सौदा, कमिशन, खातं, सगळे दुवे एका ओळीत. सिद्ध.

चौथी वाट स्वतः व्हेलार्दे खातं. त्यात ३२३ कोटींहून जास्त पैसे फिरले होते. देश पेटला तो याच आकड्यानं. कागदांचा ढीग होता. सही एस्ट्राडांची, हेही त्यांनी नंतर नाकारलं नाही, फक्त एका उद्योजकाला कर्ज मिळावं म्हणून केलेली ती आतली व्यवस्था होती असं म्हटलं. पण बेलचं कमिशन सोडलं तर बाकीचा पैसा कुठून आला, तो बेकायदाच होता का, हे सांगणारा माणूस कुणी आला नाही. हा आरोपही निसटला. खोट्या नावानं सही केल्याचा वेगळा खटलादेखील टिकला नाही. दोन-तीन बँकवाल्यांसमोर, गोपनीयतेच्या कायद्याखाली केलेली सही म्हणजे लोकांत टोपणनाव वापरणं नव्हे, आणि काळ्या पैशाविरुद्धचा कायदा येण्याआधी अशी खाती चालत होती.

म्हणजे हुएतेंगमध्ये आतला माणूस आणि कागद दोन्ही होते, बेलमध्येही होते. तंबाखूत माणूस होता, शेवटच्या टप्प्याचा कागद नव्हता. व्हेलार्देत कागद होता, पैशाचं मूळ सांगणारा माणूस नव्हता. बँकेचे कागद तरी मिळाले कसे? १९५५ चा बँक गोपनीयता कायदा तिथे फार कडक आहे. पण त्यात महाभियोग आणि लाचखोरी हे अपवाद आहेत, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्लंडरही लाचखोरीच्याच जातीचा धरला. हा निकाल उलटा गेला असता तर बेलची साखळीही न्यायालयात मधेच तुटली असती.

सहआरोपी असलेले मुलगा हिंगोय आणि एक वकील निर्दोष सुटले. सिद्ध झालेल्या रकमा आणि क्वेझोन सिटीतली ‘बोराकाय मॅन्शन’ जप्त करण्याचा आदेश झाला. त्या बंगल्यात लाटा उठवणारा तलाव होता आणि काठावर पांढरी वाळू, म्हणून ते नाव.

माफीनाम्यातलं एक वाक्य

सहा आठवड्यांत, २५ ऑक्टोबर २००७ ला अरोयो यांनी माफी दिली. त्यासाठी एस्ट्राडांना फेरविचाराचा अर्ज मागे घ्यावा लागला, कारण निकाल अंतिम झाल्याशिवाय माफी देता येत नाही. माफीनाम्याच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं की पुन्हा कोणतंही निवडणुकीचं पद न लढवण्याचं त्यांनी जाहीरपणे कबूल केलं आहे. खाली आदेशाच्या भागात मात्र एवढंच, की त्यांचे नागरी आणि राजकीय हक्क परत दिले जात आहेत.

२०१० मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि २६ टक्के मतं, ९४ लाखांहून जास्त, घेऊन दुसरे आले. २०१३ मध्ये मनिलाचे महापौर झाले. प्रस्तावनेतलं ते वाक्य म्हणजे माफीची अट होती, असा दावा करत त्यांच्या अपात्रतेसाठी अर्ज झाला. २१ जानेवारी २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ११ विरुद्ध ३ मतांनी तो फेटाळला. अट घालायची तर ती आदेशात घालायला हवी होती. हा निकाल लिहिला न्यायमूर्ती तेरेसिता लिओनार्दो-दे कास्त्रो यांनी. २००७ मध्ये एस्ट्राडांना दोषी ठरवणाऱ्या खंडपीठाच्या प्रमुख त्याच होत्या. २०१६ मध्ये महापौरपद तीन हजारांहून कमी मतांनी राखलं गेलं. २०१९ मध्ये इस्को मोरेनो यांनी एस्ट्राडांना जवळपास दीड लाख मतांनी हरवलं. मोरेनो तोंडोचेच, त्यांच्यासारखे सिनेमातून आलेले, आणि कधीकाळी त्यांचेच उपमहापौर.

अरोयो यांच्यावरही प्लंडरचाच खटला भरला गेला. धर्मादाय सोडतीच्या सरकारी कार्यालयातले ३६ कोटी ६० लाख पेसो हा विषय. ऑक्टोबर २०१२ पासून त्या कैदेत होत्या. जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ११ विरुद्ध ४ मतांनी खटला रद्द केला. लुटीचा मुख्य सूत्रधार कोण आणि पैसा कुणाकडे गेला, हे सरकारी पक्षाला दाखवता आलं नव्हतं. ती सगळी वर्षं त्यांना ज्या व्हेटरन्स मेमोरियल रुग्णालयात ठेवलं होतं, तिथेच कधी एस्ट्राडांनाही ठेवलं होतं.